तीन चांदी, चार तेजाब

"देणारा एकच देतोय आणि घेणारा तीन मागतोय. इथंच घोडं अडलंय," मी वहीकडं बघत पुटपुटले.

"मग देणारे तीन बोलव की," मागून आप्पा म्हणाले.

मी मान वळवली. आप्पा, माझे वडील, मागच्या दाराच्या उंबऱ्यावर राखेचं घमेलं घेऊन उभे होते. माझी वही त्यांनी पाहिली नव्हती. पाहिली असती तरी त्यातलं इंग्रजी त्यांना लागलं नसतं, शाळा त्यांनी चौथीतच सोडली होती. मी मात्र अर्धा तास त्या एका समीकरणाशी कुस्ती खेळत होते. चांदी आणि डायल्यूट नायट्रिक ॲसिड. चांदीचा एक अणू एकच इलेक्ट्रॉन सोडतो आणि नायट्रेटला हवे असतात तीन. मी चांदीच्या आधी तीनचा आकडा लिहिला, आणि बाकीचे आकडे आपापल्या जागी येऊन बसले. तीन चांदी, चार ॲसिड. बाणाच्या पलीकडं तीन सिल्व्हर नायट्रेट, एक वायू, दोन पाणी. दोन्हीकडचे अणू मोजले. जुळले.

"आलं का?" आप्पांनी विचारलं.

"आलं."

"पंगतीत वाढायला उभं राहिलं की आधी जेवणाऱ्याची भूक बघायची, मग हात चालवायचा. ह्याला बारावी कशाला लागती?"

मी हसले नाही. सीईटी गुरुवारी होती आणि हा सोमवार होता. परीक्षेला तीन दिवस उरलेल्या मुलीला चेष्टा कळत नाही. मला डॉक्टर व्हायचं होतं, आणि ते मला वाटत होतं त्याहून जास्त आप्पांना वाटत होतं. आमच्या गल्लीत तोवर कुणी बारावीच्या पलीकडं गेलं नव्हतं.

आमचं गाव हुपरी. इथं घरोघरी चांदीचं काम चालतं आणि चांदीचं काम म्हणजे आवाज. पुढच्या खोलीत आई आणि शेजारच्या दोघी दिवसभर पैंजणांना घुंगरू जोडत बसायच्या. डावीकडच्या घरात ठोकणं, उजवीकडच्या घरात पॉलिशचं यंत्र. डोकं शांत ठेवावं अशी जागा एकच, मागचं अंगण आणि त्यातलं शेवग्याचं झाड. अडचण एवढीच होती की ते अंगण आप्पांच्या कामाचं होतं.

आप्पा झारेकरी. कारागिरांच्या दुकानांतला केर आणायचा, तो जाळायचा, राख धुवायची आणि तिच्यात दडलेला चांदीचा कीस वेगळा काढायचा, हे त्यांचं काम. लोकांनी झाडून टाकलेलं ते शोधून परत द्यायचे. शेवटचा टप्पा तेजाबाचा. नायट्रिक ॲसिडला आमच्याकडं तेजाब म्हणतात. चिनी मातीच्या कुंडीत पाणी घातलेलं तेजाब घ्यायचं, त्यात कीस सोडायचा. चांदी विरघळून गेली की तांब्याची पट्टी उभी करायची, मग तीच चांदी करड्या मऊ थरानं पट्टीवर परत येते. लहानपणी मला ती जादू वाटायची.

कीस विरघळताना लाल धूर निघतो, आणि त्या धुराबद्दल आप्पांचे नेम कडक होते. आधी चिमूटभर राख हवेत सोडायची, वारा कुठून येतो ते बघायचं आणि वारा पाठीला घेऊन बसायचं. पोराबाळांनी तिकडं फिरकायचं नाही. काम झालं की गुळाचा खडा तोंडात धरायचा, घसा धुऊन निघतो म्हणून. गूळ फक्त तेजाबाच्या दिवशी. एरवी आप्पा गोडाला शिवत नसत. आणि सगळ्यांत मोठा नेम त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला होता: तेजाबाला छप्पर दाखवायचं नाही. पावसाळ्यात आठ-आठ दिवस काम खोळंबायचं, दुकानदार बोलायचे, पण कुंडी आभाळाखालीच मांडली जायची.

मी शेवग्याखाली बसायला लागल्यापासून तेजाबाचं काम बंद होतं. कीस साठत चालला होता. ज्या दुकानाचा माल होता तिथला माणूस दोनदा येऊन गेला होता. हे मला ठाऊक होतं. अंगण सोडून जावं असं काही मला वाटलं नाही.

आप्पांनी घमेलं खाली ठेवलं आणि माझ्याजवळ उकिडवे बसले.

"एक वायू म्हणालीस, तो कुठला? तोच का आपला लाल धूर?"

"नाही. लाल धूर म्हणजे एनओटू. तो कॉन्सन्ट्रेटेड ॲसिडला येतो, म्हणजे निव्वळ तेजाबाला. पाणी घातलेलं असलं की एनओ येतो. त्याला रंगच नसतो."

आप्पांनी भुवया वर केल्या. "पाणी तर मी दरवेळी घालतोय. आणि लाल धूर मला दरवेळी दिसतोय."

इथं माझी बारावी जागी झाली. शिकवणीचे चौगुले सर सांगायचे, डायल्यूट दिसलं की एनओ, कॉन्सन्ट्रेटेड दिसलं की एनओटू. गोल काळा करायचा आणि पुढं जायचं, विचार करत बसणाऱ्याचा पेपर अर्धा राहतो. मी तर अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली. तीस वर्षं तेजाबापुढं बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा मला माझी वही मोठी वाटली.

"मग तुम्ही पाणी कमी घालत असाल," मी म्हणाले.

"माझं माप चुकत न्हाई, वैजू."

हे त्यांनी रागानं सांगितलं नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हे सांगावं तसं सांगितलं.

"आप्पा, हे शास्त्र आहे. दोन्ही बाजू जुळल्यात बघा. ह्यात एनओटू आहे का कुठं? नाही. मग येईल कुठून? आणखी पाणी घालून बघा, धूर दिसायचा नाही."

त्यांनी वही आपल्याकडं फिरवून घेतली. मग म्हणाले, "लिहून दे."

"काय?"

"हे तुझं देणं-घेणं. मराठीत लिही. मास्तरणीच्या हातचं असलं की बरं."

ते माझी टेर खेचताहेत असंच मला वाटलं. मी रफ वहीचं पान टरकावलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: तीन चांदी, चार पाणी घातलेलं तेजाब, बरोबर तीन सिल्व्हर नायट्रेट, एक एनओ, दोन पाणी. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली, आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या: एनओला रंग नाही, लाल धूर येत नाही.

आप्पांनी ओठ हलवत ते दोनदा वाचलं.

"तीन, चार, तीन, एक, दोन," ते म्हणाले. "फोनचा नंबर असल्यागत हाय." त्यांनी पानाच्या चार घड्या केल्या आणि ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं. "बस तू. माझं काम कुठं पळून जात न्हाई."

बुधवारी दुपारी तीनच्या गाडीनं कोल्हापूरला जायचं होतं. परीक्षेचं केंद्र तिथं होतं आणि मुक्काम सर्जेराव मामाकडं. तोवरची सकाळ माझी होती. मी सातलाच शेवग्याखाली जाऊन बसले. पाठ झालेलंच पुन्हा पाठ करत होते आणि पुढच्या खोलीतल्या घुंगरांचा आवाज डोक्यात छुमछुमत होता. आमच्या मधल्या खोलीची खिडकी अंगणात उघडते, तिच्यातून तो येत राहायचा.

साडेनऊच्या सुमाराला ती खिडकी आतून कुणीतरी लावून घेतली. आवाज निम्म्यानं कमी झाला. मला एकदम बरं वाटलं. आईला किती कळतं, असंही मनात आलं. पुढच्या दोन तासांत मी आख्खं ऑरगॅनिक उजळून काढलं. त्या महिनाभरात इतका चांगला अभ्यास झाला नव्हता.

मध्ये एकदा पाणी प्यायला आत गेले, तर मधल्या खोलीचं दार लावलेलं. मी ढकलून पाहिलं. आतून कडी होती.

"आप्पा, आत काय करताय?"

"डबे आवराय लागलोय," आतून आवाज आला. "तू जा, बस जा."

घरात तेजाबाचा वास होता, पण तो आमच्या घरात बाराही महिने असायचा. आमच्या कपड्यांनाही तोच वास होता. मी पाणी पिऊन परत बाहेर गेले.

बाराला जेवायला बसलो तेव्हा आप्पांचे डोळे लालसर दिसत होते. दोन-तीनदा खोकले. तोंडात काहीतरी घोळवत होते.

"जेवायच्या आधी काय खाताय?" मी विचारलं.

"गूळ. तू पण घे." त्यांनी एक खडा माझ्या तळहातावर ठेवला. "उद्याचं तोंड आजच गोड करून घे."

आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिची आमच्याकडं पाठ होती. एरवी अशा वेळी ती काहीतरी बोलली असती, पण ती भाकरीच थापत राहिली. मी गूळ खाल्ला. चिकीचा, गडद रंगाचा होता.

गाडीत खिडकीजवळची जागा मला मिळाली. आप्पांनी माझी पिशवी मांडीवर घेतली होती. उन्हानं गाडी तापलेली होती आणि ते अधूनमधून खोकत होते. खोकला कोरडा होता.

"पाणी प्या थोडं," मी म्हणाले.

"पितो गं. धूळ हाय रस्त्याला." मग म्हणाले, "आपलं चांदीचं म्हण बघू."

"आप्पा, ते येणार पण नाही पेपरात. हजार समीकरणं आहेत."

"आलं तर? आलं तर सोडायचं न्हाई. बाकी सगळं लोकांचं. ते तेवढं आपल्या घरातलं हाय."

"तीन, चार, तीन, एक, दोन," मी कंटाळून म्हणाले.

"झकास," आप्पा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की जणू सकाळीच कुणीतरी त्यांना पहिला नंबर दिलाय. मी त्यांना विचारलं नाही की एवढे खूश कशानं आहात. मला वाटलं, माझ्या परीक्षेनं.

मामाच्या घरी चहा झाला. आप्पांनी अर्धा कप ठेवला. मामी म्हणाली, "आजच्या दिवस राहा की." ते म्हणाले, "न्हाई, पट्टी लावून ठेवलीय, सकाळी उतरवायची हाय." मामीला काय कळायचं? कळायला हवं होतं मला. तांब्याची पट्टी कशात लावतात हे मला आठ वर्षांची असल्यापासून माहीत होतं. मी त्या वेळी मामाच्या घरातलं घड्याळ बघत होते आणि रात्री किती वाजता झोपायचं ते ठरवत होते.

स्टँडपर्यंत मी सोडायला गेले. साडेपाचची गाडी लागलेली होती. आप्पा पहिल्या पायरीवर चढले, दांडा धरला आणि तिथंच थांबले. मागची माणसं खोळंबली. ते खांदे वर घेऊन दोन-तीन श्वास घेत होते.

"काय झालं?"

"काय न्हाई. वय झालं बापाचं." मान वळवून म्हणाले, "पेपर सुटला की मी दारात हाय. कुठं जाऊ नको."

आप्पांना तेव्हा सत्तेचाळिसावं चालू होतं.

पेपरात तो प्रश्न आला. खरंच आला. चांदी आणि डायल्यूट नायट्रिक ॲसिड, समीकरण जुळवल्यावर आकडे कोणते. मी वाचून पुरता केला नाही. पर्याय बघितले, गोल काळा केला. दहा सेकंदसुद्धा लागले नसतील. आणि मग, ज्या पेपरात सेकंद न् सेकंद मोजायचा त्यात, मी पेन खाली ठेवून थोडी हसत बसले. बाहेर गेल्यावर आप्पांना कसं सांगायचं ते मी मनात घोळवत होते. आधी तोंड पाडायचं, अवघड गेला म्हणायचं, आणि मग एकदम सांगायचं.

दारात मामा उभा होता.

"आप्पा कुठं आहेत?" मी विचारलं.

"चल," मामा म्हणाला. "गाडी आणलीय."

त्यानं मित्राची जीप आणली होती. निम्म्या वाटेपर्यंत त्यानं नजर रस्त्यावरच ठेवली. मग म्हणाला, "पहाटे गेले. हार्टचं झालं. तुला पेपरच्या आधी सांगायचं न्हाई असं ताईनं मला बजावलं होतं." मी पाय पोटाशी घेऊन बसले होते. पेपर अवघड गेला म्हणून सांगायचं ठरवलेलं वाक्य माझ्या तोंडात तसंच होतं.

त्या प्रश्नाचा मार्क मला मिळाला. बाकीचेही पुरेसे मिळाले. ऑगस्टमध्ये मी मेडिकलला गेले. गल्लीनं पेढे वाटले आणि सगळे आईला म्हणाले, आज ते असायला हवे होते.

तिसऱ्या वर्षाला विषबाधेवरचं एक लेक्चर होतं. दुपारची वेळ, निम्मा वर्ग पेंगत होता. शिकवणारे सर सावकाश सांगत होते. नायट्रोजनच्या ऑक्साइडचा धूर बंद जागेत छातीत गेला, तर माणसाला लगेच फारसं काही होत नाही. डोळे चुरचुरतात, थोडा खोकला येतो. मग बरं वाटतं. माणूस जेवतो, प्रवास करतो, कामाला जातो. सहा तासांनी, बारा तासांनी फुप्फुसांत पाणी भरायला लागतं. पुष्कळदा हार्ट म्हणूनच नोंद होते, कारण धुराची गोष्ट कुणी सांगतच नाही.

मी ते वहीत उतरवून घेत होते. आणि अचानक माझ्या जिभेवर गुळाची चव आली.

त्या बुधवारी दुपारी आप्पा गूळ खात होते. गूळ तेजाबाच्या दिवशीचा. आणि अंगण तर सातपासून माझ्याकडं होतं.

शनिवारी मी घरी गेले. आई पुढच्या खोलीत एकटीच घुंगरू जोडत होती. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"आई, त्या बुधवारी आप्पांनी तेजाबाचं काम केलं होतं?"

तिच्या हातातला चिमटा थांबला. "कोण म्हणालं?"

"कुणी नाही. ते गूळ खात होते."

आईनं चिमटा खाली ठेवला. मग उठली आणि मधल्या खोलीत गेली. तिथल्या पत्र्याच्या ट्रंकेतून तिनं आप्पांचा सदरा काढला, सदऱ्याच्या खिशातून चार घड्यांचं पान काढलं. घड्यांवर ते विरलेलं होतं. माझं अक्षर मात्र तसंच ठसठशीत होतं, आणि त्या दोन रेघाही.

"दुकानाचा माणूस मंगळवारी पुन्हा येऊन गेला होता," ती म्हणाली. "मी म्हटलं, पोरीला दोन तास उठवूया अंगणातनं. न्हाई म्हणाले, शेवटच्या दिवशी उठवायचं न्हाई. म्हटलं, पुढं रस्त्यावर मांडा. तिथं पोरं खेळत्यात म्हणाले. मी म्हटलं, अहो, छप्पर दाखवायचं न्हाई म्हणून मामंजींनी बजावलंय. तर हे पान काढून दाखवलं मला. म्हणाले, माझ्या बाला शास्त्र कुठं ठाऊक होतं? आता घरात शिकलेलं माणूस हाय. लिहून दिलंय तिनं, धूर येत न्हाई."

"पाणी?"

"दुप्पट घातलं म्हणाले."

"आणि खिडकी?"

"त्यांनीच लावून घेतली. चुकून जरा वास गेला तर तुला नको, म्हणाले. बाहेर आले तवा लई खूश होते. म्हणाले, पोरीचं खरं निघालं बघ. लाल आला न्हाई, फिक्कट पिवळा आला जरासा."

फिक्कट पिवळा. एनओला रंग नसतो, हे खरं. पण तो कुंडीच्या बाहेर पडून हवेला लागला की त्याचा एनओटू होतो. तोच लाल धूर, तोच विषारी. पाणी जास्त असलं की तो सावकाश येतो, विरळ येतो, एवढंच; आणि बंद खोलीत दोन तास बसलेल्या माणसाला तेवढा पुरतो. हेसुद्धा मला पाठ होतं. दुसऱ्या धड्यात होतं, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून. तो धडा ह्या धड्याशेजारी ठेवून बघायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं, कारण तसा प्रश्न कधी येत नाही. आप्पा मला सांगत होते की मला दरवेळी लाल धूर दिसतो. दिसत होता. पुस्तकही बरोबर होतं आणि आप्पाही बरोबर होते, मी तेवढी मध्ये बसून दोघांतल्या एकाला खोटं ठरवलं.

"रात्री दम लागला," आई सांगत होती. "म्हटलं, मामाकडं फोन करते. तर माझा हात धरून ठेवला. तिचा पेपर हुईपर्यंत न्हाई म्हणाले. आणि कशानं झालं ते तिला कधीच सांगू नको म्हणाले. दवाखान्यात पण मी बोलले न्हाई."

ती पान हातात घेऊन उभी होती. मग तिनं ते माझ्यापुढं धरलं.

"एक विचारू का, वैजू? तीन वर्षं झाली, विचारीन म्हणते आणि धीर हुईत न्हाई. हे तू लिहिलंस ते बरोबर हाय का चूक?"

तीन वर्षं ती हे पान ट्रंकेत ठेवून, रोज घुंगरू जोडत, एकटीच ह्या एका गोष्टीला भीत होती. तिला आप्पा परत मिळणार नव्हते. तिला फक्त एवढंच हवं होतं की त्यांना पोरीनं मारलेलं नसावं.

मी पान घेतलं. वाचलं. तीन चांदी, चार तेजाब. तीन, एक, दोन. खालची दोन रेघांची ओळ मी अंगठ्याखाली धरली.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

आईनं डोळे मिटले. मोठा श्वास सोडला आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "मग त्यांचंच माप चुकलं असणार त्या दिवशी. पाण्याचं."

मी बोलायला तोंड उघडलं. तिच्याकडं पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं दिसत होतं. ती पदरानं डोळे पुसत होती आणि थोडी हसतही होती. मी तोंड मिटलं.

त्यानंतर आई मोकळेपणानं बोलायला लागली. आप्पांचा विषय निघाला की शेजारणींना, पाहुण्यांना, माझ्या नवऱ्याला, माझ्या मुलांना सांगायची, "त्यांचं माप चुकलं एका दिवशी, पाणी कमी पडलं. पोरीनं तर बरोबर लिहून दिलं होतं." ऐकणारे मान हलवायचे. एखादा जुना कारागीर म्हणायचा, "कमाल आहे, त्या माणसाचं माप कधी चुकत नव्हतं." आई म्हणायची, "एखादा दिवस असतो तसा." मी तिथंच बसलेली असायचे. अठरा वर्षं मी ते ऐकलं. दरवेळी वाटायचं, आज सांगावं. दरवेळी तिनं माझ्यापुढं धरलेलं ते पान आठवायचं, आणि खरं सांगायचं तर दरवेळी मला माझीही भीती वाटायची.

आई गेल्या कार्तिकात गेली. तिची ट्रंक मी आवरली. पान आता माझ्याकडं आहे, दवाखान्यातल्या टेबलाच्या खणात. कधीतरी काढते आणि बोट ठेवून अणू मोजते. चांदी जुळते, नायट्रोजन जुळतो, ऑक्सिजन जुळतो.

आप्पांचं माप चुकलं नव्हतं. तीस वर्षांत एकदाही नाही, आणि त्या बुधवारीही नाही.